हरवलेला बोल्ट आणि परदेशी पाहुणा

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'लघुउद्योग, लीन आणि परदेशी सहकार्य'. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ आणि माल कमी करणं. सहकार्यावर येतोच, पण आधी एका बोल्टबद्दल बोलू द्या. तो समजला की परदेशी पाहुण्याकडून नेमकं काय मागायचं, ते समजतं.

1950 साल. हिरोशिमाचा तोयो कोग्यो कारखाना, म्हणजे आजची माझदा. मोठ्या प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशीनवर, काम तुंबत होतं. जपानी उत्पादन-तज्ज्ञ शिगेओ शिंगो तिथे गेले आणि म्हणाले, आठवडाभर स्टॉपवॉच घेऊन नुसतं बघू द्या. व्यवस्थापकांना ते पटेना. आमचे सगळ्यात कसबी कामगार तिथे जादा वेळ राबतायत, मोजून काय मिळणार? तिसऱ्या दिवशी 800 टनी प्रेसची डाय, म्हणजे साचा, बदलायची वेळ आली. जुनी डाय उतरली आणि कामगार जो इकडेतिकडे धावत सुटला, तो तासाभराहून जास्त वेळानं हातात बोल्ट घेऊन परतला. नव्या डायचा एक बोल्ट सापडत नव्हता. मग त्यानं शेजारच्या मशीनचा लांब बोल्ट काढला, कापला आणि त्यावर आटे पाडले. शिंगोंच्या मनात आलं, हा बोल्ट तर झाला, पण ज्या मशीनचा काढला तिची सेटिंग, म्हणजे डाय बदलून पुन्हा जुळवणी, करताना काय करणार?

भोसरीत, चाकणला, शिरोलीत असा बोल्ट ज्यांच्याकडे कधीच हरवला नाही, त्यांनी हात वर करा. एकही नाही! म्हणजे आपण सगळे एकाच गावचे.

त्या तासात कामगार आळशी नव्हता, घामाघूम झाला होता. म्हणूनच तो तास कुणाला दिसत नव्हता. शिंगोंनी कामाचे दोन भाग पाडले: मशीन बंद ठेवूनच करावं लागतं ते, आणि मशीन चालू असताना उरकता येतं ते. बोल्ट शोधणं दुसऱ्या भागातलं. पुढे 1969 साली टोयोटात 1000 टनी प्रेसची सेटिंग चार तासांची होती. जर्मनीत फोक्सवॅगनकडे तशीच सेटिंग दोन तासांत होते हे कळलं, आणि तिथून जोर लागला. आधी दीड तास, मग तीन मिनिटं. परदेशातून तंत्र आलं नव्हतं, एक आकडा आला होता. जपाननंही युद्धानंतर अमेरिकेकडून कामगार शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत घेतली: तयारी करा, करून दाखवा, करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. तेव्हा बाहेरच्याकडून शिकण्यात कमीपणा कसला?

आता आपला 100 टनी प्रेस घ्या. सेटिंग 120 मिनिटांची धरा: पाने, क्लॅम्प, बोल्ट शोधण्यात 35, डाय रॅकवरून आणण्यात 20, शट हाइट, म्हणजे प्रेस मिटल्यावर डायला उरणारी उंची, जुळवायला पॅकिंगच्या पट्ट्या जमवण्यात 15, ट्रायल पीसमध्ये 30, आणि खरं बांधणं 20. पहिली 55 मिनिटं मशीन चालू असतानाच संपवता येतात. डाय ट्रॉलीवर आणून ठेवा आणि त्या डायचे क्लॅम्प-बोल्ट तिच्याच ट्रेमध्ये ठेवा. सगळ्या डायना कायमच्या प्लेट लावून उंची एकच केली की पॅकिंगही गेलं. डायची जागा ठरवणाऱ्या लोकेटिंग पिन आणि स्टॉपर पक्के केले की ट्रायल पीस कमी होतात, पण पहिल्या पीसची तपासणी सोडू नका.

चूक पुढे होते. समजा, बांधणंही आटोक्यात येऊन सेटिंग 12 मिनिटांवर येते, पण मालक बॅच, म्हणजे एका सेटिंगमध्ये काढायचा माल, तेवढीच ठेवतो. 120 मिनिटांच्या सेटिंगला 2400 पीसची बॅच असेल, तर पीसमागे सेटिंगचे तीन सेकंद पडतात. 12 मिनिटांना 240 पीस काढले तरी तेच तीन सेकंद! बॅच दहापट लहान करता येते, अर्धवट मालाचे क्रेट कमी होतात. ते केलं नाही तर वाचलेल्या वेळात फक्त जास्त साठा तयार होतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. सहकार्याचं भरभर सांगतो.

1999 साली संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संस्थेनं, म्हणजे युनिडोनं, मोटार कंपनी फियाट, व्यवस्थापन शिकवणारी इन्सिआड, सुटे भाग उत्पादकांची संघटना अॅक्मा आणि पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय यांना जोडून सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. पुढे जपानची सरकारी सहकार्य संस्था जायका आणि भारतीय उद्योगांचा महासंघ सीआयआय यांच्या साथीनं प्रा. शोजी शिबा यांनी मोठी कंपनी आणि तिचे छोटे पुरवठादार एकत्र बसवून शिकवलं. आता एमएसएमई मंत्रालयाच्या लीन योजनेत सल्ल्याच्या खर्चाचा 90 टक्के भार सरकार उचलतं. म्हणजे पैशाची अडचण मोठी नाही, अडतं ते भेटींच्या आखणीवर.

तज्ज्ञाला सलग दोन आठवडे बोलावू नका. दोन दिवस बोलवा, मग सहा आठवडे आपण काम करायचं, मग पुन्हा दोन दिवस. मधल्या काळात आठ-दहा शेजारी कारखान्यांनी एकमेकांकडे जाऊन तेच घड्याळ लावायचं. दुभाषा प्रेस शॉप ओळखणारा हवा, नाहीतर 'पॅकिंग' म्हणताच तो पुठ्ठ्याच्या खोक्यांबद्दल बोलू लागेल. शिकवण्याच्या सत्रात सुपरवायझर नाही, प्रत्यक्ष डाय बदलणारा सेटर बसला पाहिजे. आणि सेटिंग लवकर झाली म्हणून त्याची ओव्हरटाइमची कमाई बुडणार असेल, तर त्याची भरपाई आधी ठरवा. ते झालं नाही की दुसऱ्या भेटीपर्यंत सगळं पूर्ववत.

शेवटचं. पाहुणा यायच्या आधी तीन सेटिंगचं चित्रीकरण तयार ठेवा. मोबाइल तिपाईवर लावा, जुन्या डायच्या शेवटच्या पीसपासून नव्या डायच्या पहिल्या चांगल्या पीसपर्यंत बंद करू नका. सेटरला आधी विचारा, आणि चित्रीकरण सगळ्यात आधी त्यालाच दाखवा.