धूर माशाला, धूर माणसाला

चौदाव्या शतकात, साधारण १३४३-४४च्या सुमारास, इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मालदीवला पोचला आणि तिथल्या लोकांनी त्याला काझी करून टाकलं. न्यायनिवाडा करता करता त्याचं जेवणाकडेही बारीक लक्ष असावं, कारण तिथल्या माशाची कृती त्याने लिहून ठेवली आहे. मासा कापायचा, थोडा उकडायचा, झावळ्यांच्या टोपल्यांत घालून धुरावर टांगायचा, वाळला की खायचा. हा मासा हिंदुस्थानात, चीनला, येमेनला जातो, असंही तो सांगतो. आपल्याच लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावर आज ‘मास’ करतात, त्याची रीत फार निराळी नाही. ट्यूना उकडायचा, धुरी द्यायची, उन्हात वाळवायचा, पार लाकडासारखा कडक होईपर्यंत. मग तो महिनोन्‌महिने टिकतो.

तो टिकतो कशामुळे? निव्वळ सुकल्यामुळे नाही. लाकूड धुमसतं तेव्हा त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य, फुटतं आणि ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी फिनॉल जातीची द्रव्यं हवेत येतात. धुराचा ओळखीचा वास यांचाच. लाकडातल्या बाकीच्या भागातून ॲसिटिक आम्ल निघतं, फॉर्माल्डिहाइड निघतं. हे सगळं माशाच्या ओलसर अंगावर बसतं. आम्लामुळे जंतूंना वाढायला जागा राहत नाही, फॉर्माल्डिहाइड त्यांना मारतं, आणि फिनॉलमुळे माशातली चरबी खवट होत नाही. फॉर्माल्डिहाइड म्हटल्यावर तुम्हाला कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बरण्या आठवल्या असतील. बरोबर आहे, तेच ते. धूर अन्न राखतो, कारण तो जिवंत पेशींचा वैरी आहे. आज मला मुख्यतः एवढंच सांगायचं आहे. पेशी जंतूची आहे की तुमच्या फुफ्फुसाची, हे धुराला कळत नाही.

आता कोणी म्हणेल, आपल्या कोकणात मासा धुरावर का नाही धरत? गरज पडली नाही. पावसाळा सरला की ऊन आपलं आहे. बोंबील बारीक, अंगात पाणी भरपूर; बांबूच्या मांडवावर टांगला की वाऱ्याने आणि उन्हाने सुकतो. जाड मांसाच्या ट्यूनाचं तसं नाही, तो आतून नासायच्या आत बाहेरून बंदोबस्त करावा लागतो. आणि जिथे ऊनच बेभरवशाचं, तिथे धूर हाच आधार. स्कॉटलंडच्या आर्ब्रोथ गावात हॅडॉक मासे शेपटीला जोडीने बांधून लाकडाच्या धुरावर टांगतात. नागालँडमध्ये डुकराचं मांस चुलीच्या वर टांगलेलं असतं, ते रोजच्या स्वयंपाकाच्या धुरावरच तयार होतं. आसामातले सिंगफो लोक चहाची पत्ती बांबूच्या नळीत ठासून तीसुद्धा चुलीवर धुरात ठेवतात. आपण मासे नाही टांगले, पण बियाण्याची कणसं चुलीच्या वर आढ्याला टांगलीच की. कीड लागू नये म्हणून. दोडामार्गकडचं कोणी इथे असेल तर त्यांना रबराच्या शीट धुरावर वाळवतात हे ठाऊक असेल. तिथेही कारण तेच: बुरशी धरू नये.

धूर अंगात मुद्दाम घ्यायचा, हे मात्र निराळं प्रकरण. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पाचव्या अध्यायात, औषधी धूमपान सविस्तर दिलं आहे. सुगंधी द्रव्यं वाटून काडीवर लेप द्यायचा, वाळला की काडी काढून घ्यायची, आणि उरलेली पोकळ वात नळीला लावून ओढायची. कधी ओढायची त्याच्या आठ वेळा सांगितल्यात: अंघोळीनंतर, जेवणानंतर, शिंक आल्यावर, दात घासल्यावर, असं. जेवणानंतरची वेळ ऐकून पानटपरीवरची मंडळी खूश होतील. त्यांनी फार खूश होऊ नये. त्या वातीत तंबाखू नव्हती. ती तेव्हा समुद्रापार अमेरिकेत होती. शिवाय अति धूर घेतल्याने काय काय बिघडतं, तेही त्याच अध्यायात आहे.

तंबाखू आपल्याकडे आली पोर्तुगिजांबरोबर, दख्खनच्या वाटेने. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. परतताना, १६०४-०५च्या सुमारास, त्याने तिथून तंबाखू नेली आणि रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली: ही वस्तू आमच्या ग्रंथांत नाही. असद बेग म्हणाला, प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती, आणि फिरंगी शहाणे लोक आहेत, त्यांनी तपासल्याशिवाय घेतली नसेल. वाद घालण्यात असद बेग जिंकला. पण हकीम बरोबर होता. अकबराने पुन्हा ओढली नाही, दरबाराने सोडली नाही.

पुढचा भाग मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटतो. तंबाखूचं पान वाळवायच्या रीती अनेक. अमेरिकेतल्या केंटकी-टेनेसीत पानं कोठारात टांगून खाली लाकूड धुमसवतात. म्हणजे मालदीवच्या माशाला जे, तेच पानाला. अशा पानाचा धूर अल्कधर्मी असतो, तिखट लागतो, घशाखाली जात नाही. त्यातलं निकोटिन तोंडातूनच शोषलं जातं. उत्तर कॅरोलिनात एकोणिसाव्या शतकात दुसरी रीत रुळली: आग बाहेर, गरम हवा लोखंडी नळ्यांतून आत, पानाला धुराचा स्पर्शही नाही. पान पिवळंधमक होतं, त्यातली साखर टिकते आणि धूर किंचित आम्लधर्मी होतो. असा धूर थेट फुफ्फुसात ओढता येतो. सिगारेटचं बरंचसं पाप या सौम्यपणात आहे. १८८० नंतर बॉन्सॅकचं सिगारेट वळणारं यंत्र आलं, तेव्हा सौम्य पान आधीच तयार होतं.

काजळी माणसाचं काय करते, हे त्याच्या शंभर वर्षं आधी दिसलं होतं. १७७५ साली लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे वृषणाच्या कातडीचा कर्करोग होतो हे लिहिलं. १९३३ साली डांबरातून बेन्झोपायरिन हे कर्करोग करणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते सिगारेटच्या धुरात आहे, चुलीच्या धुरात आहे, आणि धुरावलेल्या माशातही आहे. फरक पडतो तो प्रमाणाचा आणि जागेचा. युरोपीय संघाने २०१४पासून धुरावलेल्या माशात बेन्झोपायरिनवर किलोमागे २ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली. पश्चिम आफ्रिकेत मासे धुरावण्याचं काम बायका करतात, दिवसभर धुरात उभ्या राहून. सेनेगलच्या थियारॉय इथे नवी भट्टी निघाली. तिच्यात आधी निखाऱ्यावर मासा शिजतो, गळणारी चरबी ताटलीत झेलली जाते म्हणजे ती आगीत पडून जळत नाही, आणि धूर शेवटी, वेगळा दिला जातो. मासा स्वच्छ झाला, बाईचे डोळेही वाचले. माझ्या मते क्रम उलटा असायला हवा होता. मर्यादा घालताना विचार खाणाऱ्याचा झाला, धुरात उभ्या असलेल्या बाईचा नाही.

आपल्याकडे काय? २०१६-१७च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. ओढणारे त्यात जेमतेम ३.८ टक्के. बाकीचा सगळा कारभार चुन्याचा, गुटख्याचा आणि मशेरीचा. गुटख्यावर २०१२पासून बंदी आहे, ती किती आहे ते तुम्हीच बघता. सिगारेटच्या चित्रावर फुली मारलेल्या पाट्या आपण भिंतीभिंतीवर लावल्या, आणि तव्यावर मशेरी भाजणाऱ्या आजीला त्या पाटीचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटलंच नाही. मशेरी ओढत नाहीत, हे खरं. पण भाजताना घरभर जो ठसका उठतो, तो पाळण्यातलं पोरही घेतं. त्याच घरात बाळंतिणीला ओवा-बाळंतशोपांची धुरी दिलेली असते. हेतू चांगलाच, जंतू मरावेत हा. पण खोली बंद आणि फुफ्फुसं दहा-बारा दिवसांची. तान्ह्या बाळाला धुरी देऊ नका, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी.

इथल्या एक ताई मघाशी विचारत होत्या, मग ताकाला, भरताला धुंगार द्यायचा की नाही? द्या. कधीमधी भांड्यात फुललेला कोळसा ठेवून वर तूप सोडलं, तर त्यातून पोटात जातं ते फार थोडं. फक्त तूप थेंबभर घाला, जळणाऱ्या चरबीतूनच नको ती द्रव्यं जास्त निघतात. झाकण लगेच लावा आणि उघडाल तेव्हा भांड्यावर वाकून वास घेऊ नका. खिडकी आधी उघडा.