हाण आणि बास

"आजी, डोळे मिटा. झोपायचं नाही हां, नुसते मिटा."

डोक्याला पेस्ट फासून वीसेक वायरी चिकटवल्यात, केसांचा पार अवतार झालाय, आणि स्क्रीनवर इतका वेळ जे नुसतं गिचमिड चाललं होतं ते आजींनी डोळे मिटल्याबरोबर शिस्तीत येतं, डोक्याच्या मागच्या भागाच्या रेघांवर एकसारख्या लाटा. टेक्निशियन एका सेकंदातल्या लाटा बोटाने मोजतो... पाच, सहा, सात. बस, सातच. "उघडा आता." लाटा गायब.

ही ईईजी, म्हणजे मेंदूतली वीज टिपणारी तपासणी, आणि डोळे मिटल्यावर आलेल्या त्या लाटा म्हणजे अल्फा लय. जर्मनीत येना नावाचं गाव आहे, तिथे हान्स बर्गर नावाच्या मानसोपचार डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतली वीज पहिल्यांदा टिपली, स्वतःच्या पोरालाही वायरी लावल्या, आणि हे सगळं छापून यायला १९२९ उजाडलं. अल्फा म्हणजे सेकंदाला ८ ते १३ लाटा, धडधाकट माणसात १० च्या आसपास. अल्झायमरमध्ये हा आकडा घसरत जातो, ४ ते ८ वाली थीटा वाढते, आजार बराच पुढे गेला की त्याहून संथ डेल्टा. (सात दिसले म्हणजे डिमेन्शियाच असं काही नाही हां, गोळ्यांनी, नुसत्या पेंगेनेही लय मंदावते.)

पण मंदावते का? जिवंत माणसाच्या मेंदूत पेशींमधल्या जोडण्या सैल करून तर बघता येत नाही. मग काय, कॉम्प्युटरवर मेंदू बांधायचा आणि तो झिजवायचा.

आता मेंदूत न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, साधारण ८,६०० कोटी, एकेक कोण बांधणार! म्हणून लाखोंचा एकच गठ्ठा धरतात. गठ्ठ्यात दोन टोळ्या, एक चेतवणारी, ती म्हणते 'हाण', दुसरी आवरणारी, ती म्हणते 'बास', आणि या हाण-बासला जेवढा वेळ लागतो त्यावर ठेका ठरतो. फर्नांदो लोपेस दा सिल्व्हा यांनी १९७४ मध्ये असं गणित मांडून अल्फा लय काढून दाखवली होती. बासबदत्ता सेन भट्टाचार्य यांनी मेंदूच्या आत खोलवरचा थॅलॅमस आणि वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, यांच्यातल्या ये-जा करणाऱ्या जोडण्यांचं मॉडेल करून अल्झायमरमधली मंद अल्फा तपासली, त्या आता आपल्या शेजारीच, गोव्यात बिट्स पिलानीच्या कॅम्पसला असतात.

मला सगळ्यात भारी वाटलं ते मात्र ॲमस्टरडॅमचं काम. विलम द हान, कॉर्नेलिस स्टॅम आणि मंडळींनी २०१२ मध्ये असे ७८ गठ्ठे घेतले, खऱ्या मेंदूत जशा वायरी आहेत तसे जोडले, आणि एकच नियम घातला, जो जास्त राबेल तो जास्त झिजेल. बास. लय आपोआप मंदावली, एकमेकांशी ताळमेळ सुटला, आणि आधी कोण कोलमडलं तर मनमाड जंक्शनसारखे भाग, जिथून सगळ्यांच्या गाड्या जातात ते. खऱ्या रुग्णांतही अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा गाळ अशाच जंक्शनांवर जास्त साचलेला दिसतो.

मग साहजिक कुणीही म्हणेल, राबून झिजतायत ना, मग त्यांना जरा आराम द्या की. २०१७ मध्ये त्यांनी तेही करून बघितलं, हाण वाल्यांना शांत कर, बास वाल्यांना चढव, वेगवेगळ्या तऱ्हा. आणि जिंकली कोणती? उलटीच! हाण वाल्या टोळीला आणखी चेतवलं तेव्हा जाळं सगळ्यात जास्त टिकलं, झीज चालूच असताना. म्हणजे आपण ज्याला आराम म्हणतो तो आरामच नसावा... असं निदान त्या मॉडेलमध्ये तरी.

कारण शेवटी ते ७८ ठिपके आहेत, त्यांना ना बीपी ना शुगर, ना रात्री तीनला उठून बंद दाराची कडी चाचपायची सवय. इकडे आजींच्या केसांतली पेस्ट ओल्या कापसाने पुसणं चाललंय, ती काही एका फटक्यात निघत नाही.