तेव्हाचे साठ रुपये, आजचे किती?

(दृश्य : जळगावचा सराफ बाजार. काचेच्या पेटीतला काटा, त्यावर जुन्या पाटल्यांचा जोड.)

जळगावला सुवर्णनगरी म्हणतात. खानदेशातली माणसं इथं दागिना घडवायला येतात, तशी मोडायलाही येतात. मोडायला आलेल्याच्या हातात बहुधा रुमालाची पुरचुंडी असते. गाठ सुटते, डाग, म्हणजे दागिना, काट्यावर जातो, आकडा उमटतो, वितळवण्यातली घट वजा होते आणि पाच मिनिटांत विषय संपतो. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली वस्तू काय होती, केव्हाची होती, हे कुणी विचारलेलंच नसतं. ही फिल्म त्या विचारपुशीची आहे.

या पाटल्या बघा. घरच्या वहीत त्यांची नोंद आहे : 'पाटल्या जोड १, तोळे ५'. आज बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. जुना तोळा मात्र ११.६६ ग्रॅमचा. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे वहीतले ५ तोळे आजच्या काट्यावर ५८.३ ग्रॅम भरायला हवेत. भावाभावांच्या वाटणीत पुष्कळदा वस्तू काट्यावर चढतच नाही. कुणीतरी वही वाचतो, '५ तोळे म्हणजे ५० ग्रॅम' म्हणतो आणि हिशेब पुढे सरकतो. सव्वाआठ ग्रॅमहून जास्त सोनं तिथंच हिशेबाबाहेर गेलं. २०२५ मध्ये सोन्यानं दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा ओलांडला. तोच गोल भाव धरला, तरी हे सुमारे ८३ हजार रुपये झाले.

वजनानंतर कस. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चीनचं युद्ध नुकतंच होऊन गेलं होतं, परकीय चलनाची चणचण होती, मोरारजी देसाई अर्थमंत्री होते. १४ कॅरटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी आली. ती अट १९६६ मध्ये उठली. त्या काळात लग्न झालेल्या आजीचा डाग १४ कॅरटचा निघाला, तर सोनारानं तिला गंडवलं असा बोल लगेच लावू नका. कायदाच तसा होता. आणि जुन्या डागावर हॉलमार्क नाही म्हणून सोनं हिणकस, असंही कुणी म्हणू लागलं तर ऐकू नका. हॉलमार्कची सक्ती सुरू झाली ती जून २०२१ मध्ये. पोकळ डागात लाख भरलेली असते, ती काढून निव्वळ वजन करायला सांगा. मशीनवर कस तपासून घ्या. वजन, कस आणि घट, हे तिन्ही आकडे डाग वितळवायच्या आधी कागदावर मागा. मागायला संकोच वाटतो, हे खरं. ओळखीचा सराफ, दोन पिढ्यांचा घरोबा. तरी मागा.

(दृश्य : हळदीकुंकवाचे डाग पडलेले तीन रुपये, अगदी जवळून.)

आता चांदी. दिवाळीच्या लक्ष्मीपूजनात मांडतात ते हे बंदे रुपये. वरवर पाहिलं तर तिन्ही सारखेच.

पहिला राणीछाप, साल १८६२. एक तोळा वजन, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम. दुसऱ्यावर सहावा जॉर्ज, साल १९४४. महायुद्धात चांदी पुरेना, म्हणून १९४० पासून रुपयात निम्मीच चांदी घालू लागले. यात ती पावणेसहा ग्रॅमच्या थोडी वर आहे. काठावरून नख फिरवा. दातऱ्यांच्या मधोमध खाच लागते, ती याच काळातल्या रुपयांना असते. तिसऱ्याच्या मागच्या बाजूला वाघ आहे, साल १९४७. हा निकेलचा. चांदी शून्य.

म्हणजे मोडीच्या भावानंसुद्धा हे तीन रुपये तीन किमतींचे आहेत. आणि मोडीचा भाव ही जुन्या नाण्याची सगळ्यात खालची पायरी. तिच्यावर संग्राहकाची किंमत असते, आणि ती फक्त वयावर ठरत नाही. १८६२ चाच रुपया घ्या. टांकसाळींनी १८७४ पर्यंत त्याच सालाचे ठसे वापरले, त्यामुळे १८६२ लिहिलेले रुपये उदंड आहेत. उलट १९३९ चा चांदीचा रुपया त्याच्यापेक्षा ७७ वर्षांनी लहान, पण दुर्मीळ. इतका, की १९३८ मधला आठ कोरून त्याचा नऊ केलेली नाणीही बाजारात फिरतात. १९११ च्या पंचम जॉर्जची गोष्ट आणखी वेगळी. राजाच्या पोशाखावर जो हत्ती कोरला, त्याची सोंड एवढी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान समाजातून ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि पुढच्या वर्षी हत्ती सुधारून आला. म्हणून १९११ चा रुपया दिसला की जाणकार हातातलं काम टाकून बघतो.

घरोघरच्या मायबहिणींना इथं एक कळकळीची विनंती. हे रुपये चिंच लावून घासू नका. रांगोळीनं नको, राखेनं नको. काळपट पडलेलं नाणं संग्राहकाला चालतं, घासून चकचकीत केलेलं चालत नाही. राणीच्या केसांच्या बटा नाण्यावर उठून दिसतात, घासताना पहिल्यांदा त्याच झिजतात. दरवर्षी पूजेआधी घासत आलेल्या घरांत राणीचा चेहरा सपाट झालेला दिसतो, आणि मग हाती उरते ती निव्वळ चांदी. पूजेसाठी पाण्यानं धुवा, मऊ कपड्यानं टिपा, बस.

(दृश्य : सातपुड्यातला काठी गावचा होळी उत्सव. चांदीचे दागिने ल्यालेल्या स्त्रिया.)

नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत, हेच रुपये गळ्यात दिसतात. भिल्ल आणि पावरा स्त्रियांच्या माळांतल्या रुपयांना कडी जोडलेली असते. नाण्यांचा व्यापारी अशा रुपयाला हात लावत नाही, कारण झाळलेलं नाणं त्याच्या लेखी बिघडलेलं. पण अख्खी माळ, तिच्या मूळ गुंफणीसह, ही वेगळी वस्तू आहे. ती मोडून सुटे रुपये विकले की माळेची किंमत गेली आणि नाण्याचीही मिळाली नाही. अडीअडचणीला, पावसाळ्याच्या तोंडावर, अशा माळा किलोच्या भावानं जातात. हे बघवत नाही. गहाण ठेवायचीच वेळ आली, तर निदान माळेचा फोटो काढून, रुपये मोजून, साल लिहून ठेवावं.

(दृश्य : रोजमेळाचं पिवळं पान.)

वस्तू निदान हाताला लागते. पैशाचं काय? वहीत लिहिलेले रुपये आज किती?

आधी वही वाचता यायला हवी. १ एप्रिल १९५७ च्या आधी रुपया १६ आण्यांचा होता, ६४ पैशांचा. आकड्यापुढच्या उभ्या रेघा म्हणजे आणे : एक रेघ चार आण्यांची, दोन आठ आण्यांच्या, तीन बारा आण्यांच्या. '१२॥।' हे पावणेतेरा रुपये. नवी पोरं ते १२१११ वाचतात.

समजा, १९६० मध्ये गिरणीतल्या एकाचा महिन्याचा पगार ६० रुपये होता. शिमल्याच्या श्रम ब्युरोचा औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक १९६० ला १०० धरून सुरू होतो. पुढं पायाभूत वर्ष बदलत गेलं, १९८२, मग २००१, मग २०१६. प्रत्येक बदलाला जुना आकडा नव्याशी सांधणारा जोडगुणक आहे : ४.९३, ४.६३ आणि २.८८. मार्च २०२५ चा निर्देशांक १४३. हे सगळं गुणलं की १९६० चा एक रुपया म्हणजे २०२५ चे सुमारे ९४ रुपये. ६० रुपये म्हणजे ५,६४०.

याच ६० रुपयांचं तेव्हा सोनं घेतलं असतं तर? १९६० मध्ये दहा ग्रॅमचा भाव ११२ रुपयांच्या आसपास होता. सव्वापाच ग्रॅमच्या वर सोनं आलं असतं. २०२५ च्या लाखाच्या भावानं ते ५३ हजारांचं.

५,६४० की ५३ हजार? दोन्ही बरोबर आहेत, प्रश्न वेगळे आहेत. निर्देशांक सांगतो की त्या पगारात ज्वारी, तेल, रॉकेल, कापड असा जो किराणा येत होता तो आज कितीला पडेल. सोन्याचा हिशेब सांगतो की खर्च न करता सोन्यात ठेवले असते तर काय झालं असतं. गिरणी कामगाराला घर चालवायचं होतं, त्यानं सोनं घेतलं नसतं. म्हणून बापाचा पगार सोन्यात मोजून 'बाबा किती श्रीमंत होते' म्हणणं चुकीचं आहे. जळगावच्या गिरणी कामगारांसाठी तर ऑगस्ट १९३९ हा पाया धरून वेगळा निर्देशांकही निघत असे. राहणीमानाचा खर्च मोजायची सोय या शहरात स्वातंत्र्याआधीपासून होती.

शेतीवाल्यांसाठी तिसरं माप जास्त जवळचं आहे, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं नवं साल ठरतं. ज्या वर्षी विहीर खोदली, त्या वर्षी सालदाराला काय द्यायचे, रोख किती, धान्य किती, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतं. विहिरीचा खर्च किती सालदारांच्या सालाएवढा होता ते काढा आणि आजच्या सालानं गुणा. माणसाच्या घामातून उभी राहिलेली कामं, विहीर, बांध, मातीचं घर, या मापानं नीट कळतात.

(दृश्य : अमळनेर. रेल्वे स्टेशन, जुना बाजार, मग लोखंडी पेटीतला कागदाचा गठ्ठा.)

आणि मग अमळनेर. इथं पेटीतला कागद सोन्याच्या पुढं गेला.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद प्रेमजी यांनी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली आणि कारखाना अमळनेरला घातला. वनस्पती तूप आणि कपड्यांचा साबण. १९६६ मध्ये वडील गेले आणि २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून परतले. तीच कंपनी पुढं विप्रो झाली. अमळनेरच्या अनेक घरांनी सुरुवातीच्या काळात तिचे शेअर घेतले होते, आणि कित्येकांनी ते विकले नाहीत.

१९८० मध्ये १०० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर ज्यानं ठेवला, त्याचं काय झालं बघा. १९८१ ला एकास एक बोनस, म्हणजे एका शेअरवर एक फुकट, १९८५ ला पुन्हा. मग १०० चा शेअर फोडून १० चे दहा झाले. पुन्हा बोनस, पुन्हा बोनस. १९९९ मध्ये १० चे २ रुपयांचे पाच झाले. डिसेंबर २०२४ च्या बोनसपर्यंत त्या एकाचे ५ लाख १२ हजार शेअर होतात. २५० रुपये भाव धरला तर १२ कोटी ८० लाख. मधल्या वर्षांचा लाभांश वेगळाच.

म्हणून जुन्या पेटीतला कुठलाही शेअरचा कागद रद्दीत घालू नका. त्यावरचा फोलिओ क्रमांक कंपनीच्या रजिस्ट्रारला कळवून विचारा. बंद पडलेल्या गिरणीचा कागद असेल तर बहुधा हाती काही लागणार नाही, आणि आजोबांनी शेअर विकूनही एखादा जुना कागद पेटीत राहिलेला असू शकतो. पण कंपनी जिवंत असेल तर शोध घ्यायलाच हवा. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही की शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते बुडालेले नसतात, वारसाला दावा करून परत मिळतात. वारसाचे कागद जमवायला वेळ जातो. आजोबांचं नाव एका कागदावर 'पाटील', दुसऱ्यावर 'पवार', तिसऱ्यावर नुसतं गावाचं नाव, अशा ठिकाणी दमछाक होते.

मोबाइलवरच्या जाहिरातींबद्दल दोनच वाक्यं. ट्रॅक्टरच्या पाचच्या नोटेला लाखो रुपये मिळतील आणि त्यासाठी आधी नोंदणी फी भरा, असं सांगणारा चोर आहे. रिझर्व्ह बँक असा व्यवहार करत नाही, तिनं २०२१ मध्ये तसा इशाराही दिला होता.

(दृश्य : आखाजीचा झोका, माहेरी आलेल्या लेकी. मग ओट्यावरची बैठक.)

या सगळ्या आकडेमोडीची खरी गरज पडते ती वाटणीच्या दिवशी. 'बहिणीच्या लग्नात आम्ही भरपूर केलं' हे वाक्य खानदेशातल्या कितीतरी ओट्यांवर ऐकू येतं. समजा १९८२ मध्ये लग्नाला २० हजार खर्च झाला. निर्देशांकानं ते २०२५ चे सुमारे ३ लाख ८० हजार. सोन्यानं मोजले, तेव्हाचा भाव दहा ग्रॅमला १,६५० च्या आसपास, तर १२ लाख. भाऊ सोन्याचं माप काढतो. आणि त्याच बैठकीत शेत मोजताना रेडी रेकनरचा सरकारी दर काढतो, जो प्रत्यक्ष बाजारभावापेक्षा पुष्कळदा कमी असतो. एका बाजूला फुगवणारं माप, दुसऱ्या बाजूला आक्रसणारं. खोटा आकडा कुणीच सांगितलेला नसतो, तरी बहिणीचं ताट रिकामं होतं. हे थांबायला हवं.

बैठकीआधी एक कागद करा. वस्तू किंवा रक्कम, साल, वजन, कस, आणि कुठल्या मापानं मोजली ते. जेवणावळीचा खर्च निर्देशांकानं, घातलेलं सोनं सोन्याच्या भावानं, जमीन शेजारच्या शेताच्या ताज्या खरेदीखतानं. दोन्ही बाजूंना नियम तोच. बहिणीनं विचारलं, "भाऊ, आते याना कितला पैसा येतीन?", तर उत्तर त्या कागदावर तारखेसकट असलं पाहिजे, हक्कसोडीवर सही मागायच्या आधी. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२० मध्ये तो आणखी स्पष्ट केला. लग्नात घातलेलं सोनं हे तिचं स्त्रीधन आहे. त्यानं शेतातला तिचा वाटा कमी होत नाही.