कमावलेले शरीर शिल्लक राहते का?

मंडळी, कोल्हापुरात व्यायामाचे महत्त्व वेगळे पटवून द्यावे लागत नाही. शाहू महाराजांनी जिथे कुस्तीसाठी खासबाग मैदान उभे केले आणि जिथे पेठेपेठेत तालीम आहे, त्या गावात मला त्यापुढचा एक प्रश्न मांडायचा आहे. विशी-पंचविशीत कमावलेले शरीर पन्नाशीत कितपत कामाला येते?

हा प्रश्न मला एका रुग्णामुळे पडला. माझा दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. हे गृहस्थ जिना चढताना मध्येच कठड्याला धरून थांबले होते. वय चौपन्न, खांदे अजूनही रुंद, कान कुस्तीत मोडून घट्ट झालेले, आणि पोट मात्र पुढे आलेले. उपाशीपोटीची साखर दीडशेच्या वर, रक्तदाबही वाढलेला. मी चालण्याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, हजार जोर मारलेलं शरीर हाय हे." तालीम सुटून पंचवीस वर्षे झाली होती, खुराक मात्र सुटला नव्हता. मधल्या काळात दुकानाच्या गल्ल्यावर बसणे आणि कोपऱ्यावर जायचे झाले तरी मोटारसायकल, एवढीच काय ती हालचाल.

या विषयाचा शास्त्रीय अभ्यास लंडनच्या बसमधून सुरू झाला, असे म्हटले तर चूक होणार नाही. जेरेमी मॉरिस यांनी 1953 साली तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील चालक आणि वाहक यांची तुलना प्रसिद्ध केली. चालक दिवसभर बसून असत आणि वाहक तिकिटे देत दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढत-उतरत. वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला, आणि झटका आलाच तर तो जीवघेणा ठरण्याचे प्रमाणही कमी होते. यावर शंका अशी निघाली, आणि ती रास्त होती, की जे मुळातच काटक तेच वाहक झाले असतील. मॉरिस यांनीच पुढे गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा निघाला, आणि हा फरक कमी वयाच्या कर्मचाऱ्यांतही होता. म्हणजे नुसत्या बसच्या पाहणीवरून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे अवघड होते.

या शंकेला मला सर्वांत समाधानकारक वाटणारे उत्तर राल्फ पाफेनबार्गर यांनी दिले. हार्वर्ड विद्यापीठातील सुमारे 17,000 माजी विद्यार्थ्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि 1978 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांच्यात महाविद्यालयीन संघांतून खेळलेले नामांकित खेळाडूही होते. देहाची मूळ घडणच संरक्षण देत असती, तर या खेळाडूंना ते आयुष्यभर मिळायला हवे होते. तसे झाले नाही. ज्या माजी खेळाडूंनी पुढेही हालचाल राखली, त्यांनाच हृदयविकाराचा धोका कमी राहिला. ज्यांनी ती सोडली, त्यांना जुन्या पदकांचा उपयोग झाला नाही. उलट, तरुणपणी कधीही मैदानावर न गेलेल्या पण नंतर नियमित चालत-खेळत राहिलेल्या माणसांचा धोका घटलेला दिसला.

असे का होते, हे स्नायूंच्या कामातून समजते. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि एरवी त्यासाठी त्यांना इन्शुलिनचा निरोप लागतो. मात्र स्नायू आकुंचन पावत असला, म्हणजे आपण चालत किंवा बैठका मारत असलो, की पेशीच्या आत असलेले ग्लुकोजवाहक प्रथिन त्या निरोपाची वाट न पाहता पृष्ठभागावर येते आणि साखर आत घेते. व्यायाम थांबल्यावरही काही काळ स्नायू इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात, पण हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. पंचवीस वर्षांपूर्वीच्या जोरांचा हिशेब त्या पेशीकडे राहिलेला नसतो.

दमाचेही तसेच. 1966 साली अमेरिकेतील डॅलस येथे वीस वर्षांच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्श्याहून अधिक घटली. तीस वर्षांनी हीच पाच माणसे पुन्हा तपासली गेली. तीन दशकांच्या वयाने त्यांचे जेवढे नुकसान केले होते, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी केले होते. पुढची गोष्ट मी प्रत्येक रुग्णाला आवर्जून सांगते. सहा महिने हळूहळू वाढवत व्यायाम केल्यावर त्या पन्नाशीच्या माणसांची क्षमता त्यांच्या तरुणपणच्या पातळीवर परत आली. पाच माणसांवरून नियम करता येत नाही, हे मान्य. पण शरीर पन्नाशीतही प्रतिसाद देते एवढे त्यातून नक्की दिसते.

आपल्याकडचा पुरावाही भक्कम आहे. साखर वाढलेली, पण मधुमेह अजून जडलेला नाही, अशा भारतीयांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेला प्रयोग 2006 साली प्रसिद्ध झाला. नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटात तीन वर्षांत 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, तर आहारात बदल आणि रोजचे अर्धा तास चालणे पाळणाऱ्या गटात 39 टक्क्यांना. चालणाऱ्यांपैकीही अनेकांना मधुमेह झालाच, हे मी लपवणार नाही, पण एवढा फरक मोठा आहे.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सुचवते. मध्यम श्रम म्हणजे रंकाळ्यावर चालताना सोबत्याशी बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, एवढा वेग. आकडा ऐकून दडपू नका. अजिबात न हलणारा माणूस थोडा हलू लागतो, तेव्हाच धोक्यातली सर्वांत मोठी घट होते. पुढच्या प्रत्येक टप्प्यावर फायदा वाढतो, पण कमी कमी वेगाने. मात्र चालताना छातीत दाटून येत असेल, तर आधी हृदयाची तपासणी करून घ्या, मगच वेग वाढवा.

त्या गृहस्थांना मी तपासण्या झाल्यावर दुकानापर्यंत पायी जायला सांगितले, सुरुवातीला एका वेळी दहाच मिनिटे. काही आठवड्यांनी त्यांनी आपणहून बैठका सुरू केल्या, वीस-वीसच्या. गेल्या महिन्यात आले तेव्हा जिन्यात थांबले नाहीत आणि उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठावीस होती. गोळ्या मी अजून बंद केलेल्या नाहीत.