स्पेस स्टेशन खाली का पडत नाही? पडतंच आहे की!

सुरुवातीलाच एक प्रश्न. स्पेस स्टेशनमध्ये माणसं तरंगताना तुम्ही सगळ्यांनीच व्हिडिओत बघितलीयेत, तर ती का तरंगतात?

(श्रोत्यांमधून : तिथे ग्रॅव्हिटी नसते!)

वाटलंच होतं. हे उत्तर इतकं पाठ झालंय ना की कुणी ते तपासूनच बघत नाही. आपण बघू. स्टेशन जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. पण गुरुत्वाकर्षणाचा हिशोब करताना अंतर धरायचं ते पृथ्वीच्या केंद्रापासून, म्हणजे आपण इथे बसलोय ते केंद्रापासून ६४०० किलोमीटरवर आणि ते लोक ६८०० वर. बस, एवढाच फरक. अंतर वाढलं की ओढ वर्गाच्या हिशोबाने कमी होते, ते धरूनसुद्धा तिथे ८८-८९ टक्के ओढ शिल्लक राहते. समजा कुणी ४०० किलोमीटर उंच मनोरा बांधला (बांधता येणार नाही, पण समजा) आणि ६० किलोचा माणूस त्याच्या टोकावर वजनकाट्यावर उभा राहिला, तर काटा साधारण ५३ दाखवेल. तो काही तरंगणार नाही, मस्त उभा राहील. आणि त्याच्या शेजारून त्याच उंचीवरून स्टेशन जाईल तेव्हा आतली माणसं मात्र तरंगत असतील. म्हणजे गडबड उंचीत नाहीये.

मग कशात आहे? त्यासाठी आधी लिफ्टमध्ये जाऊ. सोबत वजनकाटा घ्या, लोक बघतील, बघू देत. लिफ्ट थांबलेली असताना काटा ६० दाखवतोय. लिफ्ट वर निघाली, तिचा वेग दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद इतका वाढतोय तोपर्यंत काटा ६६ दाखवणार. पुढे वेग एकसारखा झाला की परत ६०. इथे लोक हमखास चकतात, त्यांना वाटतं लिफ्ट जोरात वर चाललीये म्हणजे काटा पण जास्तच दाखवत राहणार. नाही! एकसारख्या वेगाला जास्तीचं बल लागतच नाही, बल लागतं वेग बदलायला. आपल्याला हे पटत नाही कारण आपल्या आजूबाजूला घर्षण सगळीकडे आहे, ढकलणं बंद केलं की वस्तू थांबते, त्यामुळे वाटतं गती टिकवायलाच जोर लागतो. घर्षण काढून टाका, मग बघा. व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये सोडलं, ते आजही सेकंदाला सुमारे १७ किलोमीटरने चाललंय आणि त्याला मागून कुणी ढकलत नाहीये.

तर लिफ्ट. आता दोर तुटला असं धरा, ब्रेकही नाहीत. तुम्ही खाली पडताय, काटाही पडतोय, लिफ्टही पडतेय, सगळे एकाच दराने. काट्यावर तुमचा दाब पडणार कसा, तोच तुमच्या पायाखालून तेवढ्याच वेगाने निघून चाललाय. काटा शून्य. पृथ्वीची ओढ मात्र होती तेवढीच, जराही कमी झालेली नाही. म्हणजे इतका वेळ आपण जे वजन म्हणून अनुभवत होतो, तो होता आपल्याला खालून वर रेटणाऱ्या जमिनीचा जोर, ओढ स्वतः जाणवतच नाही. आत्ता खुर्चीत बसून तुम्हाला जे जाणवतंय ना, तो खुर्चीचा रेटा आहे.

सगळं एकाच दराने पडतं हे कुणाला खटकत असेल, जड वस्तू आधी पडायला नको का, तर १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर कॅमेऱ्यासमोर हातोडा आणि पीस एकदमच सोडले, हवा नाही म्हणून दोन्ही एकदमच खाली आले. बघा जरूर, मिनिटभराचा व्हिडिओ आहे.

आता परत वर. स्टेशन म्हणजे तीच दोर तुटलेली लिफ्ट, फक्त तिला आडवा वेग आहे, सेकंदाला जवळपास ७.७ किलोमीटर. पहिल्या सेकंदात ते चार-साडेचार मीटर खाली पडतं. पण पृथ्वी गोल, तेवढं अंतर आडवं जाईपर्यंत खालची जमीनही तेवढीच खाली वळलेली असते! पुढच्या सेकंदाला परत तेच, आणि असं पडत पडत साधारण ९२ मिनिटांत पृथ्वीला एक फेरी होते.

न्यूटनने हाच विचार चंद्राला लावला. (सफरचंद डोक्यावर पडलं वगैरे मागून चिकटवलेलं, म्हातारपणी त्याने स्वतः सांगितलं ते सफरचंद पडताना बघून विचार सुचला एवढंच.) चंद्र केंद्रापासून आपल्या ६० पट लांब, म्हणजे ओढ ३६०० पट कमी. इथे सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते, त्याला ३६०० ने भागा, येतात १.३६ मिलिमीटर. आणि चंद्राची कक्षा आणि फेरीचा २७.३ दिवसांचा काळ घेऊन स्वतंत्र हिशोब केला तरी तो सरळ रेषेपासून सेकंदाला जवळपास तेवढाच खाली येतो! मला विचाराल तर भौतिकशास्त्रात याच्याइतका भारी भागाकार दुसरा नाही. झाडावरचं फळ आणि आकाशातला चंद्र एकाच नियमाने पडतात, हे पटवायला एक ओळ पुरली.

(प्रश्न : सर, मग काटा शून्य दाखवतो तर अंतराळवीरांचं वजन कसं करतात?)

छान प्रश्न. ओढीवर चालणारा काटा तिथे निरुपयोगी, पण तुम्ही किती जड आहात ते काही नाहीसं झालेलं नसतं, तरंगणाऱ्या माणसालाही ढकलायला जोर लागतोच. तेच वापरतात. माणसाला स्प्रिंग लावलेल्या यंत्रावर घट्ट धरून बसवायचं आणि हलवायचं, तो मागे-पुढे झुलायला लागतो, जितका जड तितका सावकाश. एका झोक्याला किती वेळ लागला ते मोजलं की किलो काढता येतात. १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकेच्या स्पेस स्टेशनवर याच पद्धतीची खुर्ची होती.