नेब्रास्काचा दोन नंबरचा रस्ता

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत मोटारसायकलवरून फिरायचं म्हटलं की कॅलिफोर्नियाचा किनारा किंवा रूट ६६ आठवतो. मी मात्र आज तुम्हाला अमेरिकेच्या मध्यावरच्या नेब्रास्का राज्यातल्या दोन नंबरच्या हायवेवर नेणार आहे. ग्रँड आयलंड ते अलायन्स, २७२ मैल, म्हणजे जवळपास ४४० किलोमीटर. पहाटे निघालं तर एका दिवसात होतो.

ब्रोकन बो गाव मागे पडलं की मक्याची शेतं विरळ होत जातात आणि सँडहिल्स सुरू होतात. या वाळूच्या टेकड्या आहेत, पण वाळू सहसा दिसत नाही. सगळ्या गवताने झाकलेल्या. पसारा सुमारे ५० हजार चौरस किलोमीटर, आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक षष्ठांश. ही सगळी वाळू गवताच्या मुळांनी धरून ठेवलीय. कुठे गवत उखडलं की वारा तिथे खड्डा पाडतो आणि खड्डा वाढत जातो. रँचवाले, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, मग त्यात जुने टायर टाकून वाळू अडवतात. पावसाचं पाणी मात्र वाळूतून थेट खाली उतरतं, आठ राज्यांखाली पसरलेल्या ओगलाला भूजलसाठ्यात. टेकड्यांच्या बेचक्यांत तळी चमकतात, ती त्याचमुळे. याला ओसाड प्रदेश म्हणणं मला अजिबात पटत नाही.

हॅल्सीला तर थांबाच. झाडं नसलेल्या या मुलखात वनस्पतिशास्त्रज्ञ चार्ल्स बेसी यांच्या आग्रहामुळे १९०२ मध्ये जंगल राखीव झालं आणि माणसांनी हातांनी पाइन लावले. तिथली रोपवाटिका आजही चालू आहे.

पेट्रोलचं सांगतो: टाकी अर्धी झाली, पंप दिसला, की भरून घ्यायची. मलेन हे हूकर काउंटीतलं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) एकमेव गाव, आणि अख्ख्या काउंटीत हजार माणसंही नाहीत. तरी मी रस्त्याकडेला हेल्मेट काढून नुसता पाणी पीत होतो, तर दोन पिकअप थांबल्या, "सगळं ठीक ना?" विचारून गेल्या. समोरून येणारा बाइकस्वार डावा हात खाली सोडून दोन बोटं दाखवतो, तुम्हीही दाखवायची. बाजूच्या रुळांवरून वायोमिंगच्या कोळशाची मैलभर लांब गाडी जाते. आडवा वारा सुटला की हँडल घट्ट आवळू नका, खांदे सैल ठेवा.

मलेनच्या अलीकडेच वेळेची सीमा लागते, घड्याळ तासभर मागे घ्यायचं. तो वाचलेला तास मी अँटिऑकला दिला. पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारं पोटॅश, म्हणजे खतासाठी लागणारं पोटॅशियमचं मीठ, बंद झालं, तेव्हा इथल्या खाऱ्या तळ्यांच्या पाण्यातून ते काढायचे कारखाने उभे राहिले. युद्ध संपलं, जर्मन माल परत आला, कारखाने बंद पडले. आता काँक्रीटच्या भिंती उरल्यात. मी इंजिन बंद केलं. तापलेला सायलेन्सर गार होताना टिकटिकत होता, कुंपणाच्या खांबावर मेडोलार्क पक्षी शीळ घालत होता, आणि अलायन्स अजून पंधरा मैलांवर होतं.