वाढत्या अंगाचं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

दृश्य : सांगलीच्या गावभागातलं जुनं घर. न्हाणीजवळ स्टीलची बादली, पाण्यात बुडवलेलं पांढरं कापड.

निवेदन : हे कापड काल रात्रीपासून भिजतंय. दुकानातून आणलं, घडी मोडली आणि थेट बादलीत घातलं. आमच्या घरात कोरं सुती कापड कात्रीखाली जात नाही. ते पहिल्या धुण्यात आटतं. आधी शिवलं आणि मग आटलं, तर गळा आवळतो आणि बाही दंडावर चढते. म्हणून आधी भिजवायचं, न पिळता सावलीत वाळत घालायचं, जरा दमट असतानाच इस्त्री फिरवायची आणि मग बेतायला घ्यायचं.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आहे. दुपारी अंगणात पाय ठेववत नाही, संध्याकाळी एखादा वळीव येऊन जातो. जूनच्या मध्याला शाळा भरेल. भाची यंदा पाचवीत, म्हणजे हायस्कूलला जाणार. शाळा नवी, गणवेश नवा. भाचा दुसरीत. दोघांचे मिळून चार जोड शिवायचे आहेत, आणि ते सगळे वहिनी या एका पायमशीनवर शिवणार आहे.

दृश्य : मशीनवरचं कापडी झाकण बाजूला होतं. चाकावर फिरणारा हात, तेलाचा थेंब.

निवेदन : मशीन आईचं. माझे आणि दादाचे पहिली ते दहावीचे सगळे गणवेश याच सुईखालून गेले. दादाची खाकी चड्डी, माझा निळा स्कर्ट, दोघांचे पांढरे शर्ट. आईला आता बारीक दिसत नाही, सुईत दोरा ओवता येत नाही. पण ती मशीनशेजारी पाट टाकून बसते, आणि टाका सैल पडला तर आवाजावरून ओळखते.

आई (पाटावरून) : बॉबिन बघ गं. खालचा दोरा सैल सुटलाय.

वहिनी : होय आई, बघते.

निवेदन : वहिनी बॉबिन केस काढते, त्यावरचा बारीक स्क्रू नखाएवढा फिरवते आणि चिंधीवर टीप मारून बघते. आई मान हलवते. मग खरं काम सुरू होतं.

दृश्य : कापड पेठेतलं दुकान. ठाणं उलगडली जातायत.

निवेदन : कापड पेठेत या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. आसपासच्या गावांतून लोक येतात. मृगाचं बियाणं, खत आणि पोरांची शाळा, तिन्ही खर्च एकाच पंधरवड्यात येऊन पडतात. सोयाबीनची पिशवी आधी घ्यावी लागते, कारण पाऊस थांबत नाही. त्यातून उरलेल्या पैशांत कापड बसवायचं असतं. म्हणून इथे भावापेक्षा पन्ह्याची, म्हणजे कापडाच्या रुंदीची, चौकशी जास्त. शर्टाचं कापड बहुतेक ३६ इंच पन्ह्याचं, स्कर्ट-पँटचं टेरीकॉट ५८ चं. पन्हा कळला की बाई उभ्या उभ्या बोटांवर हिशेब करते आणि नेमकं मागते : “दीड मीटर द्या, वर चार बोटं.” दहा वर्षांच्या पोरीच्या हाफ शर्टाला तेवढं पुरतं.

या कापडाचं मूळ फार लांब नाही. तासाभराच्या वाटेवर इचलकरंजी आहे. तिथे १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव मागांच्या खडखडाटावर वाढलं. इकडे आपल्या जिल्ह्यातही विट्याला माग आहेत. इचलकरंजीचं पॉपलीन आईच्या तोंडात इतकं बसलंय, की कुठलंही घट्ट विणीचं पांढरं कापड तिच्यासाठी इचलकरंजीचंच.

वहिनीनं पिशवीतून एक चिंधी काढली. शेजारच्या मुलीच्या जुन्या स्कर्टाची, त्याच हायस्कूलच्या. ती ठाणाला लावून ती दुकानाच्या दारात गेली, उन्हात. ट्यूबलाइटखाली एकसारखा दिसणारा निळा उन्हात वेगळा निघतो. दोन ठाणं तिनं परत केली, तिसरं जुळलं.

दृश्य : घरात, जमिनीवर अंथरलेली चादर. भाचा उभा, वहिनी गुडघ्यांवर, गळ्यात टेप.

वहिनी : सरळ उभा रहा. पोट आत ओढू नकोस.

भाचा : ओढलं नाही मम्मी.

वहिनी : मग श्वास सोड की.

निवेदन : छाती, खांदा, उंची, बाही, कंबर. प्रत्येक माप घेताना टेपच्या आत वहिनीची दोन बोटं असतात. आईनं तर टेप फारसा वापरलाच नाही. ती वीत टाकायची. पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत तिची वीत कशी चालायची ते मला अजून आठवतं, गार हात आणि करंगळी टेकली की एक आकडा. आईच्या शिवणाच्या वहीत आमची वर्षावर्षाची मापं पेन्सिलीनं लिहिलेली होती.

आता खरी गोष्ट. टेपवर आलेलं माप मुलाचं आजचं असतं. गणवेश शिवायचा तो पुढच्या वर्षाच्या मुलाला. आपल्याकडे त्याला एक शब्द आहे, वाढत्या अंगाचं. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर उंच होतं. त्यातली निम्मी उंची तरी पायात जाते, म्हणजे इंचाहून थोडी जास्त. पँटच्या तळाला तीन इंच आत दुमडून ठेवले, की दोन वर्षं निघतात. कंबरेला मागच्या शिवणीत एक इंच, बगलेपासून खाली दोन्ही कडांना एकेक इंच. शिवणीच्या आत सोडलेल्या या जास्तीच्या कापडाला शिवणकामात माया म्हणतात. शिंपी म्हणतात, शिवणक्लासच्या बाई म्हणतात, सगळ्याच म्हणतात. “माया किती ठेवलीस?” हा प्रश्न आईनं वहिनीला आज सकाळपासून तीनदा विचारला.

तयार गणवेश उलटा करून बघा. शिवणीला पाव इंच कापड असतं, आणि तेही ओव्हरलॉकखाली कापून बंद केलेलं. तिथे सोडवायला काही उरत नाही. कारखान्याला हजारो नग काढायचे असतात, प्रत्येक नगात वाचलेलं बोटभर कापड त्याच्या हिशेबाचं असतं. त्यांचं त्यांच्या जागी बरोबर आहे. पण मुलाची वाढ त्या हिशेबात नसते. ऑक्टोबरात पँट घोट्यावर चढते आणि आईबापाला पुन्हा दुकान गाठावं लागतं.

दृश्य : निळ्या टेरीकॉटवर खडूच्या रेघा. प्लेटा घालणारी बोटं, टाचण्या.

निवेदन : या स्कर्टवर मी जरा थांबणार आहे, कारण सगळं कसब इथे आहे. भाचीची कंबर २४. पूर्ण प्लेटांच्या स्कर्टाला कंबरेच्या तिप्पट घेर लागतो. प्रत्येक प्लेटचा एक भाग वर दिसतो आणि दोन भाग आत दडतात. म्हणजे ७२ इंच. कापडाचा पन्हा ५८. एका पन्ह्यात भागत नाही, आणि दोन पन्हे घेतले तर घेर ११६ वर जातो. वहिनीनं एक पूर्ण पन्हा घेतला आणि दुसऱ्यातून एक पट्टा जोडला. कापड उभ्या धाग्यातच कापलं, कारण आडव्या धाग्यात कापलेली प्लेट नीट पडत नाही, पहिल्या धुण्यात तिचं तोंड वाकडं होतं. पट्ट्याची जोड तिनं बरोबर एका प्लेटच्या पोटात दडवली. बाहेरून शोधून दाखवा. मी कॅमेरा तीन वेळा जवळ नेला, मला सापडली नाही.

जुळवलेल्या प्लेटांवर आधी कच्चा दोरा घातला, मग ओला रुमाल टाकून इस्त्री दाबली, मगच वर पट्टी बसवली. सुई बदलली. पांढऱ्या शर्टाला १४ नंबर, या जाड टेरीकॉटला १६. पट्टीच्या आत मागच्या बाजूला दीड इंच कापड मोकळं ठेवून हुकाच्या दोन जागा केल्या. आजची एक आणि पुढच्या वर्षीची एक.

शर्टाचीही एक गंमत सांगते. बाजारात मुलग्यांच्या शर्टाची बटणं उजव्या अंगाला असतात आणि मुलींची डाव्या. आई आम्हा दोघांच्या शर्टांना एकाच बाजूला बटणं लावायची, दादाच्या बाजूला. दादाचा शर्ट मला होईल आणि माझ्यानंतर मामाच्या मुलाला, हा तिचा हिशेब. वहिनीनंही तेच ठेवलंय. भाचीचे चौथीपर्यंतचे शर्ट भाच्याची वाट बघत ट्रंकेत आहेत.

दृश्य : आयर्विन पूल. कृष्णेचं संथ पाणी. मग घराच्या भिंतीवरचा फिकट डाग.

निवेदन : २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमच्या गल्लीत होडी फिरत होती. घर सोडताना कागदपत्रं, आईची औषधं आणि अंगावरचे कपडे घेतले. मशीन जाग्यावर राहिलं. शिवणाची ती वही खालच्या फळीवर होती, तीही राहिली.

पाणी उतरल्यावर दार उघडलं तेव्हा मशीनच्या पायडलमध्ये गाळ गच्च बसला होता. लाकडी फळी फुगून फाटली होती, चामड्याचा पट्टा सडला होता. वहीचा लगदा झाला होता, तिची पानं उलटता येत नव्हती. आईनं ती उन्हात ठेवली, दोन दिवसांनी उचलली आणि काही न बोलता टाकून दिली.

मशीनचं डोकं मात्र बिडाचं. दादानं ते उचलून ओट्यावर ठेवलं. शटल, सुईचा दांडा, खालचे दात, सगळं सुटं करून डिझेलमध्ये बुडवलं. जुन्या टूथब्रशनं गाळ काढला. आधी पाणी काळं निघालं, मग तांबूस, मग गंजाचे कण. तेल घालून चाक हलवलं, हललं नाही. पुन्हा तेल, पुन्हा रात्रभर. चौथ्या दिवशी चाक अर्ध्यावर फिरलं आणि आई रडली. पुरात तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

गल्लीतल्या पोरांचे गणवेश वाहून गेले होते, आणि शाळा तर भरणार होती. इचलकरंजीच्या नातेवाइकांनी पांढऱ्या कापडाचं एक ठाण पाठवलं. विटांवर ठेवलेल्या दारावर ते पसरून आईनं बेतलं, वहिनीनं शिवलं. अकरा शर्ट. त्या वेळी आईला थोडं दिसत होतं, काजं तिनंच केली. पोरांना रांगेत उभं करून तिनं विती टाकल्या, आणि त्या धावपळीतही प्रत्येक शर्टाला एक इंच माया ठेवली.

दृश्य : जिल्हा परिषदेच्या शाळेचं पटांगण, सुट्टीतलं. रिकामा ध्वजस्तंभ.

निवेदन : सरकारी शाळेतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला दोन गणवेश मिळतात. दोन जोडांचे ६०० रुपये, म्हणजे कापड, शिलाई, बटणं धरून एका जोडाला ३००. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश द्यायचं ठरलं आणि शिलाईचं काम महिला बचत गटांकडे गेलं. पुढच्या वर्षापासून ते पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. धोरण कुठलंही असो, माझं म्हणणं एवढंच आहे की गणवेश शिवणाऱ्या बाईसमोर ते मूल एकदा तरी उभं राहिलं पाहिजे. सगळ्या दुसरीतल्या मुलांची छाती एक नसते. एकाचा खांदा उतरता असतो, एखादीचा एक हात किंचित लांब असतो. कागदावरच्या यादीत ते येत नाही.

दृश्य : रात्र. दिव्याखाली आई, मांडीवर भाच्याची जुनी पँट.

निवेदन : ही गेल्या वर्षीची. वहिनीनं तळाची दुमड उसवून आईच्या हाती दिली आहे. आई नव्या घडीवर बोट फिरवत हातटाके घालते, बोटानं मोजत. उसवलेल्या भागात कापडाचा मूळ रंग तसाच आहे, वर्षभर ऊन न लागलेला. तळाला एक गडद पट्टा दिसतो. चौथीत माझ्या स्कर्टाला असे दोन पट्टे होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं ते मोजले होते आणि मी घरी येऊन आईशी भांडले होते. आईनं तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर पांढरी लेस लावून दिली. शाळेत लेस चालत नव्हती. बाईंनी बघितलं आणि काही म्हटलं नाही.

यंदाच्या चिंध्या एका गाठोड्यात बांधून ठेवल्यात. पांढऱ्या, निळ्या, थोड्या खाकी. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची वाकळ होईल. सध्या भाचा जी पांघरतो, तिच्यात दादाच्या खाकी चड्डीचा तुकडा आहे, खिशासकट.

दृश्य : जूनची सकाळ. रिमझिम. दारात दोन मुलं, नवे कपडे, प्लास्टिकचे रेनकोट.

आई : इकडं ये. खांदा बघू.

निवेदन : आई भाचीच्या पाठीवर वीत टाकते. मानेपासून कमरेपर्यंत. मग खांद्याची शिवण चाचपते आणि आत दुमडलेलं कापड दोन बोटांत धरून बघते.

भाची : आज्जी, उशीर होतोय.

आई : जा. सावकाश जा.

निवेदन : स्कर्ट गुडघ्याखाली चार बोटं आलाय, भाच्याची पँट बुटांवर पडते. दोघं गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी होतात. वहिनी आत वळते. दोरीवरचा दुसरा जोड हातानं चाचपते. पांढरा शर्ट अजून दमट आहे. ती इस्त्रीचं बटण लावते.